खाणीतले जुने पाणी



खानदेशात कोळशाची एकही खाण नाही. तापीकाठची काळी जमीन आहे, केळी आहे, कापूस आहे. परंतु त्या जमिनीच्या पोटात कोळसा नाही. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या व्याख्यानमालेत कोळशाच्या खाणींतील अपघातांचा इतिहास कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर नव्हे. त्याचे उत्तर भुसावळच्या स्टेशनात मिळते. जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता भुसावळवरून १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि पुढच्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्याच्या सरकारी खाणीपर्यंत रूळ पडले. वरोरा म्हटले की आज आपल्याला आनंदवन आठवते. पण १९०६ साली बंद होईपर्यंत त्या गावाची ओळख कोळशाची होती. भुसावळच्या शेडमधील इंजिने, चाळीसगावहून धुळ्याला जाणारी गाडी, जळगाव-अमळनेरच्या गिरण्यांचे बॉयलर, हे सारे कोळशावर चालले. आणि दीपनगरच्या वीजकेंद्राची भट्टीही विदर्भातल्या कोळशावर पेटली. कोळसा जाळणाऱ्याने तो कोणी व कसा काढला हे निदान एकदा तरी विचारावे, एवढीच ह्या विषयामागची भूमिका आहे.

आम्ही स्वतः खाणीत काम केलेले नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा, वाटाघाटी आणि नुकसानभरपाईचे दावे ह्यांत गेले. शिक्षण म्हणाल तर संघटनेच्या कपाटातील कायद्याची पुस्तके व चौकशीचे अहवाल हीच आमची शाळा. त्या कागदांत एक वाक्य इतक्या वेळा येते की ते पाठ होऊन जाते: ‘अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला.’ ह्या वाक्याची परीक्षा घ्यावी, असे आम्हांला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

भूमिगत खाणीत माणूस मुख्यतः तीन गोष्टींनी मरतो. छत कोसळून मरतो. वायूच्या वा कोळशाच्या धुळीच्या स्फोटाने मरतो. आणि पाण्याने मरतो. ह्यांपैकी छत हा रोजचा वैरी. ते एकाचा, दोघांचा बळी घेते, म्हणून वर्तमानपत्रात त्याला जागा मिळत नाही. स्फोटाची बातमी होते. १९ फेब्रुवारी १९५८ रोजी राणीगंज भागातील चिनाकुरीच्या स्फोटात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली आणि २८ मे १९६५ रोजी बिहारमधील धोरी येथे २६८ गेली. परंतु आज आम्ही पाण्याविषयी बोलणार आहोत. कारण वायू दिसत नाही, छताच्या मनातले ओळखणे अवघड. पाणी मात्र कोठे साठले आहे हे माणसाला आधी कळू शकते. जे आधी कळू शकते त्याने माणूस मेला, तर त्याला दैव म्हणता येत नाही.

खाणीत पाणी येते तरी कोठून? आपल्याकडे भूमिगत कोळसा बहुतेक ठिकाणी ‘खांब व गॅलरी’ ह्या पद्धतीने काढतात. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या खणायच्या आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे, म्हणजे वरचे छत त्यांवर उभे राहते. एक भाग संपला की माणसे पुढे सरकतात. मागे राहिलेल्या पोकळीत पावसाचे, झऱ्याचे, नाल्याचे पाणी वर्षानुवर्षे मुरत राहते. पंप बंद झालेला असतो. वीस-पंचवीस वर्षांनी तेथे एक आंधळे तळे तयार होते. वर शेत असते, गुरे चरत असतात; खाली तळे आहे हे फक्त नकाशाला ठाऊक.

आमच्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. जुन्या बुजलेल्या विहिरीशेजारी नवी विहीर खणायची झाली, तर विहीर खणणारा आधी म्हाताऱ्या माणसाला विचारतो: जुनीचे तोंड कोठे होते, आडवे बोगदे कोणत्या अंगाला मारले होते? तो म्हातारा म्हणजेच खाणीतला नकाशा. तो चुकला, किंवा त्याला कोणी विचारलेच नाही, तर सुरुंगाच्या एका बाराने मधला पडदा फुटतो आणि पाणी अंगावर येते. फरक इतकाच की विहिरीत दोन माणसे असतात. खाणीत पाळीची पाळी असते.

१० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत असेच पाणी घुसले व ६३ माणसे बुडाली. हा मुलूख परका नव्हे. त्या वेळी छिंदवाडा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पेंच खोऱ्यातील हा कोळसा आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा एकाच बाजारात विकला जाई. खाण खाजगी मालकीची होती. चौकशी झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ सप्टेंबर १९५६ रोजी, बंगालमधील बडा धेमो येथे पुन्हा पाणी आले आणि २८ कामगार गेले.

१९५२ चा खाण कायदा तोपर्यंत अमलात आला होता. त्याखाली १९५७ साली कोळसा खाणींची नवी नियमावली निघाली. तिच्यातला पाण्याविषयीचा नियम वाचण्यासारखा आहे. पाण्याने भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत (मूळ हिशेब फुटांत होता) लेखी परवानगीवाचून काम करू नये. परवानगी मिळालीच तर गॅलरीची रुंदी व उंची २.४ मीटरपेक्षा जास्त नसावी, आणि तोंडापुढे निदान ३ मीटरपर्यंत भोके पाडून आधी चाचपणी करावी. म्हणजे आंधळ्याने काठी पुढे टेकीत चालावे, तसे चालायचे. नियम उत्तम आहे. परंतु ६० मीटर मोजायचे कोठून? जुन्या नकाशावरच्या रेघेपासून. ती रेघच चुकीची असेल, किंवा मालकाने चोरून पुढचा कोळसा काढून ती कागदावर उमटवलीच नसेल, तर कायद्याची ६० मीटर प्रत्यक्षात हातभरही राहत नाहीत. ५ जानेवारी १९६० रोजी त्याच छिंदवाडा जिल्ह्यात दमुआ येथे पाण्याने १६ बळी घेतले. नियमावलीला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती.

कामगार चळवळीचे म्हणणे असे होते की नफ्यासाठी खाण चालते, म्हणून माणसे मरतात. खाणी राष्ट्राच्या मालकीच्या करा. १९७२ व १९७३ साली त्या झाल्या. त्यामुळे पगार वाढले, नोकरी कायम झाली, दवाखाने व वसाहती आल्या. हे लाभ मोठे आहेत आणि ते लढून मिळाले आहेत. परंतु पाण्याने मालकबदलाची दखल घेतली नाही. १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूर जिल्ह्यातील सिलेवाडा खाणीत पाणी शिरून १० कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर ३९ व्या दिवशी, २७ डिसेंबरला, धनबादजवळील चासनाला येथे पाण्याने भरलेल्या जुन्या कामाचा पडदा फुटला आणि ३७५ माणसे बुडाली. ह्या घटनेवरून १९७९ साली ‘काला पत्थर’ हा चित्रपट निघाला, म्हणून चासनाला लोकांना थोडेफार आठवते. सिलेवाडा आपल्याच राज्यातले; त्याचे नाव मात्र फारसे कोणाच्या तोंडी नाही.

नकाशा खरा असला आणि वेळेवर हातपाय हलवले, तर काय होते ह्याचेही उदाहरण इतिहासात आहे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महाबीर खाणीत जुन्या कामातले पाणी घुसले. सहा कामगार बुडाले, पण ६५ जण खाली उंच भागात अडकून जिवंत होते. वरून नेमक्या जागी भोक पाडले गेले. ते रुंद करून त्यातून पोलादी पिंजरा खाली सोडला. खाण अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः त्यात बसून उतरले आणि एकेक करीत पासष्टही माणसे वर आली. नेमकी जागा कळली म्हणून ती वाचली, हे विसरू नये.

तरीही २ फेब्रुवारी २००१ रोजी झरियाच्या बागडिगी खाणीत शेजारच्या जुन्या कामातले पाणी फुटून २९ जण गेले. पुढे तर नकाशाच नसलेल्या खाणी आल्या. मेघालयातील उंदीरबिळांसारख्या खाणींवर हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली बंदी घातली. तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथे १५ मजूर पाण्याखाली अडकले, आणि जानेवारी २०२५ मध्ये आसामातील उमरांगसो येथे तशाच बिळात ९ जण. चिखलीत नकाशा होता आणि संघटनाही उभी राहू शकत होती. ह्या बिळांत नकाशा नाही, हजेरीपट नाही. खाली किती माणसे उतरली हे सांगायलाही कोणी नाही. सत्तर वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, ह्याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता त्या पाठ झालेल्या वाक्याकडे येऊ. गॅलरीच्या तोंडाशी सुरुंग भरणाऱ्याने नकाशा पाहिलेला नसतो. तो कार्यालयातल्या कपाटात असतो, इंग्रजीत असतो. पडद्यापलीकडे पाणी आहे की नाही हे ठरवणारी माणसे वर असतात, आणि त्या निर्णयावर जीव टाकणारी खाली. खाली असणाऱ्याचा निष्काळजीपणा शोधणे सोपे, कारण तो उत्तर द्यायला उरलेला नसतो.

आज देशातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो आणि भूमिगत खाणी एकामागून एक बंद होत आहेत. कोणी म्हणेल, प्रश्न मिटला. परंतु बंद झालेली प्रत्येक खाण हे उद्याचे एक तळे आहे. तिचे पंप थांबतात, कामगार पांगतात, आणि ज्या म्हाताऱ्याला जुने बोगदे ठाऊक होते तोही जातो. म्हणून आमची मागणी जुनीच आहे. प्रत्येक बंद खाणीचा शेवटचा खरा नकाशा सरकारदरबारी आणि त्या गावाच्या ग्रामपंचायतीतही असावा. चालू खाणीत तो पाळीच्या जागेवर, कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लावावा. आणि पाण्याजवळचे काम सुरू होण्यापूर्वी कामगारांच्या प्रतिनिधीने त्यावर सही करावी. ह्याला फारसा खर्च नाही. खानदेशात खाण नसली तरी ही मागणी येथून करता येते, कारण त्या कोळशाची ऊब आपण घेतली आहे.