कुंडीतील मिरचीचा ‘चुरडा-मुरडा’

घरच्या कुंडीतील ताजी हिरवी मिरची फोडणीला मिळावी, अशी अनेकांची हौस असते. रोप जोमाने वाढते, फुलावर येते आणि एकाएकी शेंड्याची पाने आक्रसून त्याची वाढ खुंटते. शेतकरी या विकारास ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतात. त्याची कारणे एकाहून अधिक असल्याने उपचारापूर्वी पान नीट पारखणे आवश्यक ठरते.

पानाच्या कडा वर वळून ते होडीसारखे दिसल्यास बहुधा फुलकिड्यांचा प्रादुर्भाव असतो. कडा खाली वळून देठ लांबल्यास कोळी किडीचा संशय घ्यावा. दोन्ही किडी पानातील रस शोषतात. मात्र वेळीच लक्ष दिल्यास रोप सावरते. एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून, आठवड्याच्या अंतराने, सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे.

पाने बारीक, जाड शिरांची व गुच्छासारखी होऊन झाड खुजे राहिल्यास तो विषाणूजन्य रोग असण्याची शक्यता अधिक. पांढरी माशी त्याचा प्रसार करते. त्यावर औषध नाही. असे रोप जिवावर आले तरी उपटून, पिशवीत बंद करून टाकावे. अन्यथा शेजारच्या कुंड्याही गमवाव्या लागतात.

म्हणूनच प्रतिबंधास रोपवाटिकेपासून सुरुवात करावी. बी साधारण ८ ते १० दिवसांत उगवते. कोवळी रोपे बारीक जाळीच्या कापडाखाली वाढवावीत आणि ४ ते ६ आठवड्यांनी १२ इंची कुंडीत लावावीत. मातीत चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे व पाण्याचा निचरा होऊ द्यावा. किमान सहा तास ऊन मिळावे. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. युरियाचा अतिरेक टाळावा, कारण त्याने पाने लुसलुशीत होऊन किडींना आमंत्रण मिळते आणि फुले कमी येतात. पांढऱ्या माशीसाठी जवळ पिवळा चिकट सापळा टांगावा.

कडक उन्हाळ्यात फुले गळतात, तो मात्र रोग नव्हे. दुपारी सावली द्यावी. मिरची मुळात बहुवर्षायू आहे. निरोगी झाडाची छाटणी केल्यास ते पुढील वर्षीही फळते.