दवाआधीचे नऊ तास

तुळशीचं लग्न लागलं की लातूर-नांदेडकडे लग्नसराई सुरू होते आणि जरबेराला मागणी येते. नेमक्या त्याच दिवसांत रात्री गार पडू लागतात. पुढचा घटनाक्रम कुणा एका शेतकऱ्याचा नाही. 10 गुंठ्यांच्या बंद पॉलिहाऊसमध्ये अशा रात्री हवा कशी वागते, त्याचा हा नमुना हिशेब. शेवट ठरलेला: करडी बुरशी, बोट्रायटिस.

सायंकाळी 4:30 आत उकडतं म्हणून फॉगर सुरू. उन्हाळ्यात हे चालून जातं. नोव्हेंबरात हे पाणी वाळायला उन्हाचा जेमतेम तास उरलेला असतो.

5:30 थंडी शिरू नये म्हणून बाजूचे पडदे खाली, वरची खिडकीही बंद. दमट हवा आतच राहिली.

6:00 26 अंश, आर्द्रता 62 टक्के.

8:00 23 अंश, 77 टक्के. वाफ फारशी वाढलेली नाही, हवा गार झाली आहे. 26 अंशांना एक घनमीटर हवेत 24 ग्रॅम वाफ मावते, 16 अंशांना साडेतेराच.

10:00 21 अंश, 88 टक्के. 85 ओलांडले की सावध व्हायचं असतं. दाराशी टांगलेला मापक तेच दाखवतो. पाहायला कुणी नाही.

12:00 97.

मध्यरात्रीनंतर 2:00 18 अंश, 100 टक्के. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब धरले, पाकळ्या ओलावल्या. झाडांच्या बुडाशी वाळकी पानं तशीच राहिली आहेत; बुरशीचे बीजाणू तिथेच असतात. ओल मिळाली की काही तासांत ते रुजतात आणि 20 अंशांच्या आसपासची हवा त्यांना मानवते.

सकाळी 7:00 तोडणी. वरून थेंब टपकताहेत. फुलं स्वच्छ, टवटवीत दिसतात. सर्वांत मोठी फसगत इथेच होते: लागण झालेली असते, डाग अजून उमटलेला नसतो.

9:30 प्रत्येक फुलाला प्लास्टिकची पिशवी, दहा-दहाची जुडी, मग खोका. फूल कोरडं व्हायला तासभर थांबायला हवं होतं. ओल पिशवीत कोंडली गेली.

रात्री 9:00 माल हैदराबादकडे रवाना.

पहाटे 5:00 गुडीमलकापूरच्या फूलबाजारात खोका उघडला जातो. पाकळ्यांवर मोहरीहून बारीक तपकिरी ठिपके. दव पडल्याला 27 तास झाले आहेत.

या घडीला कुठलंही औषध उपयोगाचं नाही. थंडीच्या दिवसांत फॉगर दुपारीच बंद करा, वाळकी पानं वेचून बाहेर टाका आणि झोपण्याआधी एकदा मापक बघा. 85 च्या वर असेल तर वरची खिडकी उघडा, थोडी थंडी आत आली तरी चालेल.