कॉस्टिक, जॅक्सन आणि पाण्याची बाटली

सोलापुरात कॉस्टिक म्हणजे काय, हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. चादरी-टॉवेलांचं सूत रंगवायला ते लागतंच. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीतही बहुधा तेच असतं.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच कॉस्टिक 'लाय' या नावाने घरोघरी असे. साबण करायला, नळ साफ करायला. दिसायला साखरेसारखं, आणि डब्यावर धोक्याचा शब्दही नसे. मुलं ते तोंडात टाकत.

तेल आणि कॉस्टिक मिळून साबण होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. अन्ननलिकेच्या पेशींतल्या चरबीचंही तसंच होतं, म्हणून जखम खोलवर जाते. फसवं पुढेच आहे. काही दिवसांत मूल सावरतं, खेळू लागतं. घरचे निर्धास्त होतात. साधारण तीन आठवड्यांनी व्रण आकसायला लागतो. आधी भाकरी अडकते, मग वरणभात, शेवटी पाणीसुद्धा.

अशी मुलं पिट्सबर्गच्या डॉ. शेव्हालियर जॅक्सन यांच्याकडे येत. खाणकामगाराच्या एका मुलीला पाण्याचा थेंबही उतरत नव्हता. त्यांनी दुर्बीण घालून अडकलेला गोळा काढला. तिने भीतभीत पाण्याचा घोट घेतला, तो खाली उतरला, आणि तिने डॉक्टरांच्या हाताचा मुका घेतला. मला यात थोर वाटतं ते पुढचं: दुर्बिणीवर नाव मिळवलेला हा माणूस डब्यावर 'विष' छापून घेण्यासाठी वर्षानुवर्षं झगडला. १९२७ साली तसा कायदा झाला. मुलांना सहज न उघडणाऱ्या झाकणांचा कायदा यायला मात्र १९७० उजाडलं.

आपल्याकडे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले, तेही ॲसिडहल्ल्यांच्या खटल्यात. पण मोरीतलं ॲसिड पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या जुन्या बाटलीत ओतलं की छापलेली सूचना मूळ डब्यावरच राहते. तहानलेलं मूल बाटली ओळखतं, आतलं द्रव नव्हे.

तुमच्या घरी अशी बाटली असेल, तर वाचन थांबवून आधी ती हलवा. मुलाने गिळलंच, तर उलटी करवू नका, लिंबू-ताक-दूध पाजू नका. तोंड पाण्याने पुसा आणि लगेच रुग्णालय गाठा. मूल रडत नसलं, ओठ भाजलेले दिसत नसले तरीही. येताना ती बाटली आणा. आत काय होतं, हा आमचा पहिला प्रश्न असतो.