एकट्याची वाट

आमचा एक जुना विद्यार्थी विद्याभ्यासासाठीं मेलबर्न शहरीं राहतो. गतवर्षीं तिकडच्या उन्हाळ्यांत, म्हणजे आपल्याकडील पौष-माघाच्या सुमारास, पाठीवर एक पिशवी टाकून तो एकटाच समुद्रकांठच्या रस्त्यानें नऊ दिवस हिंडून आला. कांहीं वाट त्यानें भाड्याच्या मोटारींत काढली, कांहीं पायीं. परत आल्यावर त्यानें आम्हांस एक लांबलचक पत्र लिहिलें. पत्र मोठें रसाळ होतें; परंतु त्यांत एकच गोष्ट त्यानें तीन वेळां लिहिली होती, ती ही कीं, "या नऊ दिवसांत मी कोणाचें कांहीं लागत नव्हतों; अगदीं एकटा होतों." तरुण मनास असा एकांत गोड वाटावा यांत नवल नाहीं. पण इतिहास शिकविण्यांत ज्याचें उभें आयुष्य गेलें त्यास हें वाचून स्वस्थ बसवेना. कारण हा पोरगा ज्या वाटेनें गेला त्या वाटेवर पूर्वीं कोण कोण एकटे गेले होते आणि ती वाट कोणीं बांधली, हें आम्हांस थोडेंबहुत ठाऊक होतें.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोंकास व्हिक्टोरिया नांवाचें राज्य आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यानें टॉर्की गांवापासून पश्चिमेस वॉर्नांबूलजवळच्या ॲलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटर लांबीचा रस्ता जातो; त्यास 'ग्रेट ओशन रोड' म्हणतात. एका बाजूस ऑटवेचें दाट रान आणि दुसऱ्या बाजूस उभा कडा, अशा स्थितींत तो मैलच्या मैल समुद्राचें बोट धरून चालतो. टॉर्कीकडील भागास 'सर्फ कोस्ट', म्हणजे फुटत्या लाटांचा किनारा, असें नांव असून १९९४ पासून तेथील स्थानिक कारभाराच्या विभागासहि तेंच नांव आहे. दूर दक्षिण महासागरांत जीं वादळें होतात त्यांनीं उठविलेल्या लाटा वाटेंत फारसा अडथळा न होतां या किनाऱ्यावर येऊन आदळतात. टॉर्कीजवळच्या बेल्स बीच येथें १९६२ सालीं फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याची स्पर्धा सुरू झाली, आणि पुढें जगभरचे तरुण तेथें जाऊं लागले. परंतु आज ज्या लाटा खेळगड्यासारख्या वाटतात त्यांचा एकट्या माणसाशीं पूर्वींचा व्यवहार फार निराळा होता.

या किनाऱ्यावर एकट्यानें भटकलेला पहिला गोरा माणूस म्हणून इतिहासास ज्याचें नांव माहीत आहे, तो प्रवासी नव्हता. तो पळालेला बंदिवान होता. विल्यम बक्ली हा इंग्लंडांतील चेशर परगण्यांतला, धंद्यानें गवंडी. पुढें तो सैन्यांत शिरला आणि १७९९ मध्यें हॉलंडांत लढला. चोरीचें कापड जवळ बाळगल्याच्या आरोपावरून त्यास काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि १८०३ सालीं 'कलकत्ता' नांवाच्या जहाजांतून तो पोर्ट फिलिप उपसागराच्या तोंडाशीं असलेल्या सलिव्हन बे येथें येऊन पडला. तेथें बंदिवानांची नवी वसाहत स्थापन व्हावयाची होती. त्याच वर्षाच्या २७ डिसेंबरच्या रात्रीं कांहीं सोबत्यांसह तो पळाला. एकास पहारेकऱ्यांची गोळी लागली. उरलेले लोक उपसागरास वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्यावर पोंचले, तेव्हां त्यांस समोर पाण्यापलीकडे आपलेंच जहाज दिसूं लागलें. भुकेनें ते इतके व्याकुळ झाले होते कीं, पुन्हां पकडून न्यावें म्हणून त्यांनीं खुणा केल्या. परंतु त्यांस नेण्यास कोणी आलें नाहीं. तेव्हां सोबती आल्या वाटेनें माघारी फिरले व नाहींसे झाले. बक्ली मात्र पुढें निघाला, एकटा. थोड्याच महिन्यांत ती वसाहतहि तेथून उठून टास्मानियास गेली.

त्याच्या या एकांताचें वर्णन वाचतांना आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रांतील गोडी कोठेंच आढळत नाहीं. खडकावरचे शिंपले, झुडुपांवरचीं फळें, पडशीवांचून प्रवास, पुरेसें गोडें पाणी नाहीं आणि रात्रीं विस्तव नाहीं! बक्लीस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्याच्या आठवणी जॉन मॉर्गन नामक संपादकानें १८५२ सालीं पुस्तकरूपानें छापल्या. म्हणून हें साधन इतिहासकारानें जपूनच वापरिलें पाहिजे. संपादकाची लेखणी कोठें घसरली असेल तें सांगतां येत नाहीं. तथापि मुख्य वृत्तान्त निर्विवाद आहे. एका थडग्यावर रोवलेला भाला त्यास दिसला. तो त्यानें आधाराची काठी म्हणून उचलला. त्या प्रदेशाचे मूळ मालक जे वाडावुरंग लोक, त्यांतील बायकांनीं या अर्धमेल्या माणसास पाहिलें. हातांत आपल्याच मृत आप्ताचा भाला, आणि कांति पांढरी! मेलेलीं माणसें गोरी होऊन परत येतात अशी त्यांची समजूत होती. 'मुरँगर्क' या नांवाचा त्यांचा मेलेला माणूस परत आला असें त्यांनीं मानलें, त्यास घरीं नेलें, खाऊं घातलें, आणि आपलेंसें केलें.

त्यांच्यांत बक्ली ३२ वर्षें राहिला. त्यांची भाषा तो बोलूं लागला, त्यांच्या रीतीनें मासे धरूं लागला. टॉर्कीजवळच्या खाडीकांठीं त्याचें बरेंचसें आयुष्य गेलें. ज्या वाळूवर आज फळ्या घेतलेले तरुण धांवतात, त्याच वाळूवर हा साडेसहा फूट उंचीचा माणूस मुरँगर्क होऊन हिंडत होता. १८३५ च्या जुलैंत इंडेंटेड हेड येथें जॉन बॅटमनच्या माणसांनीं तळ दिला, तेव्हां तो त्यांच्यापुढें येऊन उभा राहिला. दंडावर गोंदलेलीं त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें तेवढीं इंग्रजी उरलीं होतीं. बोलावयास शब्द सुचेना. कोणीं तरी पावाचा तुकडा पुढें केला, आणि 'पाव' हा शब्द म्हणतांना त्याची मातृभाषा हळूहळू परत आली, असें सांगतात. आजहि ऑस्ट्रेलियांत ज्या गोष्टीची आशाच नाहीं तिला 'बक्लीची संधि' म्हणतात; ती म्हण याच बक्लीची, असें पुष्कळांचें मत आहे.

पुढची कथा सुखाची नाहीं. एक महिना अगोदर, १८३५ च्या जूनमध्यें, घोंगड्या, सुऱ्या, आरसे, पीठ असल्या वस्तु आणि वार्षिक खंडणीचें वचन देऊन बॅटमननें तेथील मूळ रहिवाशांकडून सुमारें सहा लक्ष एकर जमीन आपल्या नांवें लिहून घेतली होती. ऑगस्टमध्यें गव्हर्नर बर्क यांनीं तो करार रद्द ठरविला, पण कां? मूळ मालकांची फसवणूक झाली म्हणून नव्हे, तर सारी भूमि इंग्लंडच्या राजाची असल्यामुळें ती विकण्याचा त्यांस अधिकारच नाहीं म्हणून! बक्लीस सरकारची माफी मिळाली. तो दुभाषा झाला. गोरे त्याचा विश्वास धरीनात, आणि ज्यांनीं त्यास वांचविलें त्यांचा देश त्याच्या डोळ्यांदेखत मेंढरांच्या कळपांखालीं जाऊं लागला. १८३७ च्या अखेरीस तो होबार्टला निघून गेला आणि १८५६ सालीं तेथेंच वारला. बत्तीस वर्षें ज्यानें एकटेपण जाणलें नव्हतें, तो आपल्या जातभाईंत परत आल्यावर खरा एकटा झाला.

किनाऱ्याच्या पश्चिम भागांतील दुसरी एक हकीगत येथें सांगितली पाहिजे. १ जून १८७८ रोजीं इंग्लंडहून मेलबर्नला जाणारें 'लॉक आर्ड' हें जहाज धुक्यांत वाट चुकून पोर्ट कँपबेलजवळच्या खडकावर आपटलें. जहाजावर ५४ माणसें होतीं. त्यांपैकीं दोनच वांचलीं. एक टॉम पिअर्स नांवाचा उमेदवार खलाशी, आणि दुसरी आपले आईबाप व भावंडें त्याच पहांटे गमावलेली ईव्हा कारमायकेल ही तरुणी. टॉम लाटेबरोबर एका अरुंद घळींत फेंकला गेला. तेथें ईव्हाची हांक ऐकून तो पुन्हां पाण्यांत शिरला आणि तिला त्यानें ओढून बाहेर काढलें. मग उभा कडा चढून वर आल्यावर त्यास घोड्यांच्या टापांचे ठसे दिसले. त्यांच्या मागानें जातां जवळच्या ग्लेनअँपल मळ्यावरचीं माणसें भेटलीं आणि दोघांचा जीव वांचला. दुसऱ्या कोणाची तरी वाट सांपडणें हेंच त्या किनाऱ्यावर जगण्याचें साधन होतें. बक्लीस तें भाल्याच्या रूपानें मिळालें, टॉमला टापांच्या ठशांच्या.

आतां रस्त्याकडे वळूं. लॉर्न, अपोलो बे इत्यादि गांवांस समुद्रमार्ग किंवा रानांतील खडतर पाउलवाट यांवांचून दुसरी वाट नव्हती. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ऑस्ट्रेलियाचे सुमारें साठ हजार लोक मेले. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या देशास हा घाव केवढा, तें सांगावयास नको. जे जिवंत परतणार त्यांस काम कोठून द्यावें हाहि प्रश्न होताच. तेव्हां रस्तेखात्याचे अध्यक्ष विल्यम काल्डर यांनीं परत आलेल्या सैनिकांकडून रस्ते बांधून घेण्याची कल्पना मांडली; आणि जिलाँग शहराचे नगराध्यक्ष हॉवर्ड हिचकॉक यांनीं १९१८ मध्यें एक मंडळ स्थापून वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. स्वतःचेहि पैसे त्यांनीं त्यांत घातले. हा रस्ता म्हणजे मृत सैनिकांचें स्मारक, असें त्यांनीं लोकांस सांगितलें.

१९१९ च्या सप्टेंबरांत लॉर्न येथें काम सुरू झालें आणि तेरा वर्षें चाललें. सुमारें तीन हजार माजी सैनिक कुदळ, फावडें, हातगाडी आणि सुरुंगाची दारू एवढ्याच साधनांनीं कडा फोडीत राहिले. दिवसाचे आठ तास काम, शनिवारीं अर्धा दिवस; रोजी साडेदहा शिलिंग. राहावयास तंबू, पण तळावर पियानो होता, ग्रामोफोन होता, वर्तमानपत्रें येत. १९२४ सालीं 'कॅसिनो' नांवाची आगबोट केप पॅटनजवळ खडकावर चढली, आणि ओझें हलकें करण्यासाठीं तिनें बीअरचीं ५०० पिंपें व दारूच्या १२० पेट्या समुद्रांत टाकल्या. पुढें दोन आठवडे रस्त्याचें काम बंद होतें, असें सांगतात! या गोष्टीवर हंसावें. पण चार वर्षें खंदकांत काढलेल्या माणसांची ती विश्रांति होती हें ध्यानांत ठेवूनच हंसावें. सुरुंगाचा आवाज त्यांस काय काय आठवून देत असेल!

हिचकॉक यांस रस्ता पुरा झालेला पाहावयास मिळाला नाहीं. १९३२ च्या ऑगस्टमध्यें ते वारले, आणि २६ नोव्हेंबरला रस्ता समारंभपूर्वक खुला झाला. त्या दिवशींच्या मिरवणुकींत राज्यप्रमुखांच्या मोटारीमागें हिचकॉक यांची मोटार चालविण्यांत आली. तींत ते नव्हते. १९३६ पर्यंत या रस्त्यावर टोल होता. त्या सालीं तो सरकारच्या स्वाधीन झाल्यावर टोल उठला. ईस्टर्न व्ह्यू येथें रस्त्यावर सैनिकांची स्मारक-कमान आहे. १९८३ च्या वणव्यांत ती जळली, पुन्हां उभारली गेली. पुतळ्यास वर्षांतून एकदां हार घातला कीं भागतें. रस्त्याचें तसें नाहीं. दरड कोसळली कीं ती काढावी लागते, कडा खचला कीं बांधावा लागतो. तो रोज वापरला जातो आणि रोज दुरुस्त होतो, म्हणून हें स्मारक विसरतां येत नाहीं. निदान विसरतां येऊं नये.

परंतु येथेंच आमच्या मनांत एक शल्य राहतें. ज्या सैनिकांनीं रस्ता दिला त्यांचें ऋण कमानीनें मान्य केलें. तें योग्यच झालें. त्यांच्याहि शंभरावर वर्षें आधीं याच वाळूवर एका परक्या, उपाशी, पळालेल्या गुन्हेगारास ज्यांनीं 'आपला' म्हणून घरांत घेतलें, त्यांस मोबदला काय मिळाला? त्यांची भूमि गेली, आणि करार रद्द करतांनासुद्धां त्यांची मालकी नाकारली गेली. वाडावुरंग लोक नाहींसे झाले नाहींत. ते आजहि तेथें आहेत आणि आपल्या भाषेची व भूमीची काळजी वाहत आहेत. पण त्या किनाऱ्यावरील पहिलें आतिथ्य त्यांचें होतें, ही गोष्ट रस्त्यानें जाणाऱ्या कितीजणांच्या मनांत येत असेल? राष्ट्रें आपल्या शूरांचें ऋण लवकर फेडतात; आपल्या यजमानांचें फेडावयास त्यांस फार वेळ लागतो. हें केवळ ऑस्ट्रेलियापुरतें खरें आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व लिहून कळविलें. एकट्यानें प्रवास करूं नये, असें आम्हीं त्यास मुळींच लिहिलें नाहीं. उलट, माणसानें अधूनमधून एकट्यानें निघावें, म्हणजे आपण किती जणांच्या आधारानें चालतों हें त्यास नीट पाहतां येतें, असें लिहिलें. त्याचें उत्तर चार ओळींचें आलें. उन्हाळा आला कीं तो पुन्हां त्याच वाटेनें जाणार आहे, एकटाच. आणि या खेपेस टॉर्कीजवळच्या त्या खाडीपाशीं एक दिवस थांबणार आहे.