जिन आणि जकात

परदेशात हिंडताना एक गोष्ट हल्ली चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. गाव कितीही लहान असो, बारच्या फळीवर जाड काचेची, जुनाट लेबलाची एक बाटली असतेच. बारवाला ती पुढे सरकवून अभिमानाने सांगतो, ही आमची, इथली जिन. स्कॉटलंडच्या आयला बेटावर 'द बॉटनिस्ट'मध्ये बेटावरच्या २२ रानवनस्पती असतात. जपानमधल्या क्योतोची 'कि नो बी' तांदळाच्या मद्यार्कात युझू, हिनोकी लाकूड आणि ग्योकुरो चहा मुरवते. ऑस्ट्रेलियात यारा खोऱ्यातले लोक जिनमध्ये शिराझ द्राक्षं भिजवून तिला जांभळी करतात. मी या बाटल्या आवडीने चाखत आलो आहे आणि काही तर फारच सुरेख आहेत. तरीही तो 'इथलेपणा' नेमका कशात आहे, हा प्रश्न दर घोटागणिक वाढत गेला.

कारण असं की जिनचा प्राण म्हणजे जुनिपरची फळं, आणि ती बहुतेक भट्ट्यांकडे इटलीतून नाही तर मॅसेडोनियातून पोत्यांनी येतात. वासाचं हे सगळं सामान ज्या मद्यार्कात भिजवायचं, तो धान्याचा ९६ टक्क्यांचा मद्यार्क बहुसंख्य छोट्या भट्ट्या स्वतः गाळतच नाहीत. मोठ्या कारखान्याकडून विकत घेतात. मग गावाचं त्यात उरतं काय? मूठभर पाला उरतो, पाणी उरतं आणि तिथला अबकारी कायदा उरतो. जिनची पाळंमुळं शोधत मागे गेलं, तर या तिघांतला कायदाच सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार ठरतो.

सुरुवात मात्र औषधाच्या कपाटात आहे. ब्रुगेजवळच्या दाम गावच्या याकोब फान मारलांटने १२७० च्या सुमारास निसर्गाविषयीचा एक पद्यग्रंथ डच भाषेत लिहिला. त्यात पोटदुखीवर जुनिपर पावसाच्या पाण्यात किंवा वाइनमध्ये उकळून घ्यावं, असा उपाय आहे. (आपल्याकडे चरकसंहितेत येणारी हपुषा ती हीच वनस्पती मानतात, आणि तिथेही ती पोटाच्याच विकारांवर दिली आहे.) १५५२ साली अँटवर्पला फिलिप हर्मानीचं ऊर्ध्वपातनाचं पुस्तक छापलं गेलं; त्यात जुनिपरच्या अर्काची कृती आहे. जिनचा शोध लायडनच्या विद्यापीठातल्या सिल्वियस नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने लावला, अशी एक गोष्ट पर्यटकांना अजून हमखास ऐकवली जाते. पण हा सिल्वियस जन्मला १६१४ मध्ये, आणि फिलिप मॅसिंजरच्या १६२३ साली छापलेल्या इंग्रजी नाटकात या पेयाचा उल्लेख आहे. नऊ वर्षांच्या पोराने दारू शोधली आणि ती समुद्र ओलांडून लंडनच्या रंगभूमीवरही पोचली, असं मानायला फारच श्रद्धा लागेल.

औषधाची दारू झाली ती हॉलंडमध्ये. धान्याची मुबलक आवक होती, शिवाय डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जायफळ, लवंग, दालचिनी आणून ओतत होती. पण येनेव्हरचं, म्हणजे जिनच्या आजीचं, खरं माहेर रोटरडॅमला चिकटून असलेलं स्किडाम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एका गावात चारशेच्या जवळपास भट्ट्या होत्या. दगडी कोळशाच्या काजळीने भिंती अशा माखल्या होत्या की गावाला 'काळं नाझरेथ' हे नाव पडलं. भट्टीतून उरलेला चोथा गुरा-डुकरांना जाई. भट्ट्यांसाठी माल्ट दळायला पवनचक्क्या हव्यात आणि दाटीच्या गावात वारा घरांच्या वरच सापडणार, म्हणून चक्क्या उंच होत गेल्या. त्यांतल्या 'दे नोर्ड'चं छत ३३ मीटरवर आहे. जगातल्या सर्वांत उंच जुन्या पवनचक्क्या पाहायच्या असतील तर स्किडामला जावं लागतं, आणि त्या भाकरीसाठी नव्हे, दारूसाठी बांधलेल्या आहेत.

तिथे येनेव्हरच्या संग्रहालयात जुन्या पद्धतीची भट्टी अजून चालते. राय आणि माल्ट केलेलं सातू आंबवून तीन वेळा गाळतात. निघतं ते 'माउटवाइन', जेमतेम ४६-४८ टक्क्यांचं. कारखान्याचा ९६ टक्क्यांचा मद्यार्क बिनचेहऱ्याचा असतो, त्यातून धान्याची ओळख पुसलेली असते. माउटवाइनमध्ये ती शिल्लक राहते. त्यात जुनिपर अगदी हलक्या हाताने घातलेलं असतं. पहिल्या घोटाला तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की टॉनिक ओतून प्यायची ही चीजच नव्हे. ट्यूलिपच्या आकाराचा छोटा ग्लास काठोकाठ भरून टेबलावर ठेवतात, आणि पहिला घोट हात न लावता, कमरेत वाकून घ्यायचा. आपण ओशाळत वाकतो. शेजारचे आजोबा मात्र सराईतपणे वाकून मोकळे झालेले असतात. येनेव्हरचे 'जुनी' आणि 'नवी' असे दोन प्रकार आहेत, पण त्यांचा वयाशी काही संबंध नाही. नवीत माउटवाइन जास्तीत जास्त १५ टक्के, जुनीत कमीत कमी १५ टक्के, एवढाच हिशेब.

हे पेय लंडनला कसं पोचलं याचं उत्तर अनेक जण एका माणसाच्या नावाने देतात. १६८९ साली हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला, त्याने डच दारू आणली, झालं. पण ती इंग्रज सैनिकांबरोबर थोडी आधीच आली होती, आणि राजाने आणली ती दारू नव्हे, कायदे. फ्रान्सशी युद्ध सुरू होताच फ्रेंच ब्रँडीची आयात बंद झाली. १६९० मध्ये इंग्लिश धान्यापासून दारू गाळायला मोकळीक मिळाली. जमीनदारांच्या कोठारातलं, बिअरलाही न चालणारं हलकं धान्य एकदम विकलं जाऊ लागलं. संसदेत बसलेले बहुतेक जमीनदारच होते, हे सांगायला नकोच.

पुढची साठ वर्षं लंडनने जे पाहिलं ते भयंकर होतं. चांगल्या जुनिपरचा खर्च कुणाला परवडणार? टर्पेंटाइनचं तेल आणि सल्फ्युरिक आम्ल घालून तो वास आणला जाई. १७३४ मध्ये ज्युडिथ डिफोर नावाच्या बाईने आपल्या लहानग्या मुलीला गरीबखान्याने दिलेले नवे कपडे विकून जिन घेता यावी म्हणून त्या लेकराचा जीव घेतला. तिला फाशी झाली. सरकार एकामागून एक कायदे करत होतं आणि १७३६ चा सर्वांत कडक होता. किरकोळ विक्रीसाठी वर्षाला ५० पौंडांचा परवाना, वर गॅलनमागे २० शिलिंग कर. लोकांनी 'मॅडम जेनिव्हा'च्या, म्हणजे जिनच्याच, लुटुपुटीच्या प्रेतयात्रा काढल्या आणि दुसऱ्या दिवसापासून चोरून प्यायला लागले. डडली ब्रॅडस्ट्रीट नावाच्या एका इरसाल माणसाने कायदा बारकाईने वाचला. त्याला दिसलं की घराच्या भाडेकरूचं नाव खबऱ्याला ठाऊक नसेल तर धाड घालता येत नाही. त्याने दुसऱ्याच्या नावावर घर घेतलं आणि खिडकीत मांजराची पाटी लावली. मांजराच्या तोंडात नाणं टाकायचं, आतून तो नळीत जिन ओतणार आणि ती मांजराच्या पंजाखालून तुमच्या कपात पडणार. पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात त्याने हे मोठ्या फुशारकीने लिहून ठेवलं आहे.

१७५१ च्या कायद्याला मात्र जिनला आवर घालणं साधलं. गाळणाऱ्याने परवाना नसलेल्या किरकोळ विक्रेत्याला माल विकायचा नाही, आणि कर असा की चोरीचा मोह पडू नये पण दारू चैनीची व्हावी. याच वर्षी विल्यम होगार्थने 'जिन लेन' आणि 'बिअर स्ट्रीट' ही जोडचित्रं काढली. शाळेच्या पुस्तकातला जिनचा इतिहास बहुधा त्या चित्राशीच संपतो. पुढे पिकंही बुडाली आणि धान्य महागलं. जिनचा धंदा गल्लीबोळांतून उठून भांडवलवाल्यांच्या हाती गेला. गॉर्डन १७६९ चा, प्लिमथची ब्लॅक फ्रायर्स भट्टी १७९३ ची. आज ज्यांना आपण 'परंपरा' म्हणतो ती घराणी या करआकारणीची अपत्यं आहेत.

नंतरचं वळण तर मला फारच आवडतं. एनियस कॉफी हा आयर्लंडमधल्या अबकारी खात्याचा मोठा अधिकारी. आयुष्यभर त्याने बेकायदा भट्ट्यांवर धाडी घातल्या, त्यात एकदा जबर मारही खाल्ला. निवृत्तीनंतर, १८३० मध्ये, त्याने न थांबता चालणाऱ्या उंच स्तंभ-भट्टीचं पेटंट घेतलं. तिच्यातून स्वच्छ, जवळजवळ निर्गंध मद्यार्क अखंड निघू लागला. खराब दारूचा वास झाकायला आता साखर लागेना, म्हणून जिन 'ड्राय' झाली. लंडन ड्राय जिनचा एका अर्थाने बाप हा माणूस. आयरिश व्हिस्कीवाल्यांनी मात्र त्याच्या यंत्राकडे पाठच फिरवली.

इंग्रज आरमार गेलं तिथे जिन गेली. भूमध्य समुद्रातलं मिनोर्का बेट अठराव्या शतकात बराच काळ इंग्रजांकडे होतं. १८०२ मध्ये ते स्पेनला परत गेलं. माहोन बंदरातल्या खलाशांना जिन हवी, पण बेटावर धान्य कुठे? वाइन होती. म्हणून माहोनची जिन आजही वाइनपासून काढलेल्या मद्यार्कातच बनते, लाकडाच्या जाळावरच्या तांब्याच्या भट्टीत. जूनमध्ये सेंट जॉनच्या उत्सवात बेटावरच्या सिउतादेलाचे लोक ती लिंबाच्या सरबतात घालून 'पोमादा' म्हणून पितात. इंग्रज गेले, गरज गेली, जिन राहिली. माझ्या मते युरोपातली 'इथली' म्हणवून घ्यायचा खरा हक्क असलेली जी थोडी पेयं आहेत, त्यात ही येते.

हिंदुस्थानात साहेब जिनमध्ये टॉनिक घालून हिवतापावरचं औषध पीत, ही गोष्ट तर सगळ्यांनाच पाठ आहे. त्यातलं औषध, म्हणजे क्विनीन, १८२० मध्ये वेगळं काढलं गेलं, टॉनिकचं पेटंट लंडनच्या इरास्मस बाँडने १८५८ मध्ये घेतलं. 'जिन अँड टॉनिक' या जोडीचा सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख १८६८ चा, हिंदुस्थानातल्याच घोड्यांच्या एका शर्यतीनंतरचा. म्हणजे तिथे ते औषध नव्हतं, शर्यत संपल्यावर रंगलेल्या मंडळींचं पेय होतं. आजच्या टॉनिकमधलं क्विनीन तर हिवतापाला हात लावू शकणार नाही इतकं कमी आहे. या साऱ्या वसाहती रम्यतेचा पुढे एकाने पुरेपूर फायदा उठवला. 'बॉम्बे सफायर' १९८७ ची, निळ्या काचेची, व्हिक्टोरिया राणीच्या चित्राची. ती बनते इंग्लंडमध्ये. नावातला नीलमही श्रीलंकेचा. मुंबईचं त्यात नाव तेवढं.

आता हल्लीच्या बाटलीकडे येतो. इंग्लंडमध्ये १,८०० लिटरहून लहान भट्टीला परवाना नाकारायचा अधिकार अबकारी खात्याकडे होता आणि खातं तो वापरत असे. इतक्या मोठ्या भट्टीचा खर्च फक्त कंपन्यांना झेपणार. लंडनच्या हॅमरस्मिथ भागात 'सिपस्मिथ' काढणाऱ्या मित्रांनी आपल्या छोट्या तांब्याच्या भट्टीसाठी खात्याशी दीर्घ झगडा केला आणि २००९ मध्ये परवाना मिळवला. दार किलकिलं झालं आणि मागून रांग लागली. सगळे जिनच का करतात? कारण व्हिस्की कायद्याने किमान तीन वर्षं पिंपात ठेवावी लागते. जिन आज गाळली की उद्या विकता येते. नवी भट्टी टाकणारा पोट भरायला जिन काढतो आणि व्हिस्कीची वाट पाहतो. यात रोमान्स कमी, हिशेब जास्त.

आपल्याकडेही तेच झालं, गोव्यात. २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' आली, पुढच्या वर्षी 'हपुसा' आणि 'स्ट्रेंजर अँड सन्स'. 'ग्रेटर दॅन'मध्ये मॅसेडोनियाचं जुनिपर आणि आपले धणे-बडीशेप, 'हपुसा'त हिमालयातलं जुनिपर, कैरी आणि हळद. गोवा का, याचं उत्तर समुद्रकिनारा नाही. तिथे मद्याचे परवाने तुलनेने सुकर आहेत. त्याच गोव्यात काजूच्या बोंडापासून निघणाऱ्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचा कच्चा माल खरोखर त्याच मातीतला आहे. तरी मुंबई-पुण्याचा पाहुणा चढ्या भावाची जिन मागतो आणि फेणीला नाक मुरडतो. हे मला पटत नाही.

तेव्हा परदेशात बारवाल्याने बाटली पुढे केली की पाल्याची यादी ऐकून घ्या, पण मद्यार्क कुठून आणता आणि परवाना कोणत्या साली मिळाला, हेही विचारा. पहिल्या प्रश्नावर तो जरा घुटमळेल, दुसऱ्यावर खुलून बोलेल. बाटली घेतलीच, तर परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येतं. महाराष्ट्रात मात्र ते बाळगायला आणि प्यायला १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना लागतो.