जातिभेदाचे शालेय शिक्षण (वर्धा जिल्हा)

जात कशी टिकली आणि तिच्यापायी कुणाच्या वाट्याला काय आले, हे मुलांना शाळेत शिकवावे का, यावरचा वाद. वर्णभेद कायद्यात आणि संस्थांत कसा मुरला, याची चर्चा वर्गात नको म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांनी २०२१ पासून निर्बंध घातले. आपल्याकडे तो प्रश्न जातीचा आहे. जोतीराव फुल्यांनी जात आणि अमेरिकेतील वर्णभेद यांचे नाते फार आधी ओळखले होते. 'गुलामगिरी' (१८७३) त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली.

वर्ध्याने या प्रश्नाला हातकामातून उत्तर दिले. २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. त्यानंतर झाकीर हुसेन समितीने आखलेल्या योजनेत, सर्व मुलांनी उत्पादक काम केल्यास श्रमजीवी आणि बुद्धिजीवी यांच्यातील दुरावा मोडेल, अशी अपेक्षा होती. या योजनेनुसार चालणाऱ्या सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत मुले टकळीवर पेळूतून सूत ओढत, तुटला धागा जोडत, तार मोजून गुंडी बांधत. गणित त्यातच होई. सफाईही अभ्यासाचाच भाग होती. ज्या कामापायी काही जातींना गावकुसाबाहेर ठेवले, ते इथे सगळ्यांच्या हाती आले. हे धाडस मोठेच होते.

तरी ते पुरेसे नव्हते. सवर्ण मुलगा झाडू हाती घेतो आणि खालीही ठेवतो. ज्याच्या आईच्या हातून तो पिढ्यानपिढ्या सुटला नाही, त्या मुलाला असे का, हे कुणी सांगायचे? मैला वाहण्याच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवण्यावर आंबेडकरांनी १९४५ मध्ये कठोर टीका केली. ती योग्यच होती. झाडूसोबत इतिहासही द्यायला हवा.

एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकाने (२००६) तो थोडा दिला. त्यात १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव आंबेडकर भावंडांसह स्टेशनवर उतरतो. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो; मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊ केले तरी बैलगाडीवाले त्यांना न्यायला तयार होत नाहीत.

एवढ्या लहान वयात हे नको, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा आपला निबंध लिहिला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला.