जिल्हा

'जिल्हा' हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, बरगडी अथवा बाजू या अर्थाच्या एका अरबी शब्दापासून निघून तो फारसी दफ्तरांच्या वाटेने आपल्याकडे आला आणि येता येता मराठी जिभेने त्याच्या पदरी एक 'ह' बांधला, याची कोणास शंकाही येत नाही. त्याचा सोबती 'तालुका', त्याचा मूळ अर्थ तर नुसता संबंध!

त्यापूर्वीची रीत निराळी. शिलालेखांत करहाटक ४०००, मिरिंज ३००० असे अंकधारी प्रांत भेटतात; मध्ययुगीन वेल्समधील 'कान्त्रेव्ह' या विभागाचा अर्थही शंभर वस्त्या असाच होतो. हे आकडे शब्दशः घेण्याचा भोळेपणा मात्र कोणी करू नये.

जिल्हा कसा आला, हे धाराशिवात पाहावे. निजामाचा हा मुलूख १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या अंमलाखाली गेला, तेव्हा मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गाहून त्याचा कारभार पाही. १८६० साली तो निजामाकडे परतला, आणि १८६५ मध्ये निजामाचा दिवाण सालारजंग याने जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत वाटणी, करून महसुलाच्या इजारेदारीला आळा घातला. जुने परगणे दफ्तरजमा झाले. 'सीमा' या संस्कृत शब्दाची लेक असलेली 'शीव' तेवढी, शेंदूर माखलेल्या धोंड्याच्या रूपाने, गावोगाव टिकून आहे. १९८२ साली लातूर वेगळे निघाले तेव्हा जिल्ह्याची हद्द बदलली. गावांच्या शिवा होत्या तेथेच राहिल्या.